पाणी न घालणारी झारी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. माझी तोटी वाकलेली आहे, मुठीचा रंग कधीच उडाला आहे आणि बुडाला एवढं मोठं भोक आहे, की तुमचा अंगठा त्यातून आरपार जाईल. पाणी म्हणाल तर माझ्यात थेंबभरही टिकत नाही. तरीसुद्धा निमोण्याच्या बुद्धविहाराच्या दारात मी मोठ्या ऐटीत उभी असते आणि येणारा-जाणारा माझ्याकडे वळून बघतो. का बघतो, तेच सांगायचं आहे. आधीच सांगून ठेवते, मला बोलायची फार हौस, आणि ही गोष्ट आठवली की अजूनही मला दम धरवत नाही.

माझा जन्म दौंडचा. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हस्कूमामा नावाचे कारागीर पत्र्याची कामं करायचे. नरसाळी, चाळण्या, धान्याच्या पेट्या, जे सांगाल ते. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यातून त्यांनी मला कापलं, वळवलं, सांधे बुजवायला डाख लावला. तोटीच्या तोंडावर गोल चाळणी बसवली आणि बारीक खिळ्यानं तिला भोकं पाडली. एक भोक, एक ठोका. पलीकडून गाडी गेली की सगळं दुकान हादरायचं आणि खिळा सरकायचा. म्हणून माझी दोन भोकं जरा जास्तच मोठी झाली. मामांनी मला बादलीत बुडवून पहिलं पाणी शिंपडलं आणि मान डोलावली. झारी भरभरून देणारी झालीय, असं ते शेजारच्या चहावाल्याला म्हणाले. ते ऐकून मी इतकी फुगले! भरभरून देणारी. मित्रांनो, हाच शब्द पुढं माझ्या डोक्यात गेला, आणि त्यानंच घोटाळा केला.

मला विकत घेतलं मायाताईनं. तिचा नवरा रेल्वेत होता, ते दौंडला क्वार्टरमध्ये राहायचे. तिची धाकटी बहीण ललिता निमोण्याहून चार दिवसांसाठी आली होती. परत निघताना मायाताईनं मला तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, तुझ्या मिरच्यांना आता तांब्यानं पाणी घालत बसू नकोस. एसटीत ललितानं मला मांडीवर घेतलं होतं. न्हावऱ्याला उतरून पुढं जीपनं आलो. जीपमध्ये चौदा माणसं आणि मी. एक म्हातारे माझ्या तोटीवरच बसणार होते, ललितानं हात आडवा घातला म्हणून मी वाचले. तेव्हापासून मी तिची.

तेव्हा नव्वद-एक्याण्णव साल असेल. ललिताचा नवरा साहेबराव मिळेल ते काम करायचा. पुढं रांजणगावच्या बाजूला कारखाने आले, तेव्हा तो एका कंपनीत पॅकिंगला लागला. घर दोन खोल्यांचं, पुढं पडवी आणि शेणानं सारवलेलं अंगण. अंगणाच्या कडेला मोगरा, मिरच्या, वांगी. वस्ती जिथं संपते तिथं लगेच म्हाळसाआक्कांचं घर. त्यांचे सासू-सासरे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. आता आक्का आणि त्यांचे मालक भैरूआबा शेतीच करत होते, पण आक्कांचं चालणं अजून मेंढरांमागच्या बाईचंच, भरभर. ललिताचा आणि त्यांचा नळ एकच.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे पाणी शिळं होतं. हसू नका. नळ तिसऱ्या दिवशी यायचा. आला की आधी भरून ठेवलेलं पाणी शिळं झालं, असं समजायचं. मग हंडे, कळश्या, पिंप सगळं रिकामं करायचं, घासायचं आणि ताजं भरायचं. पण तीन दिवस जपून वापरलेलं पाणी गटारीत ओतायला कुणाचं मन होणार? ते जायचं झाडांना. म्हणजे माझ्यातून! नळाच्या दिवशी मी आठ-आठ, दहा-दहा वेळा भरायची. ललिता मला घेऊन अंगणभर धावायची, मी शिंपडायची आणि आम्हा दोघींना फार बरं वाटायचं. मोगरा गच्च फुलायचा. वांगी अशी लकाकायची की म्हाळसाआक्का कुंपणावरून विचारायच्या, काय घालतेस गं ह्यांना. ललिता मला उचलून दाखवायची. सात-आठ वर्षं मी असं कौतुक खाल्लं. एवढं कौतुक खाल्ल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

मग अठ्ठ्याण्णव साल उजाडलं आणि वस्तीत नुसती धांदल उडाली. जुन्या पत्र्याच्या शेडच्या जागी विटांचा पक्का विहार बांधायला घेतला. कुणी विटा वाहिल्या, कुणी पाणी मारलं, साहेबराव सुट्टीच्या दिवशी गिलावा करणाऱ्यांच्या हाताखाली राबला. पुढच्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेला उद्घाटन करायचं ठरलं. त्याची बैठक आमच्या अंगणासमोर लिंबाखाली भरली, म्हणून मला अथपासून इतिपर्यंत सगळं ऐकू आलं. सजावटीचा विषय निघाला. झेंडूच्या माळा आणू म्हणाले, तर वैशाखातल्या उन्हात त्या दुपारपर्यंत करपणार. कागदाच्या पताका लावू म्हणाले, तर त्या जयंतीला लावतोच. वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे सावळारामआप्पा मधोमध बसले होते. आणि तेवढ्यात मागच्या बायकांमधून ललिता उठली. आयुष्यात कधी बैठकीत तोंड उघडलं नव्हतं तिनं. पदर मुठीत धरलेला, पण आवाज चांगला खणखणीत.

"झाडं मी देते, आप्पा. जिती झाडं. रस्त्यापासनं दारापतुर ईस ह्या अंगाला, ईस त्या अंगाला."

आप्पांनी चष्मा सारखा केला. "वैशाखात? पाणी कुठनं आणशील?"

"जाड पानांची लावते. ती दम धरत्यात."

"बघ बरं. चारचौघांत बोललीस, आता निभव."

साहेबराव तर तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला. बैठक मोडल्यावर तो तिला म्हणाला, की मला तरी आधी सांगायचं होतंस. ती म्हणाली, मलाच आधी ठाऊक नव्हतं. आणि दोघं हसत सुटले. मीही आतल्या आत खुळखुळले. चाळीस झाडं! आणि पाणी घालणार कोण? मी!

हल्ली शहरात अशा झाडांना सक्युलंट म्हणतात आणि दुकानात नाजूक कुंड्यांमध्ये विकतात. आमच्याकडे तेव्हा असं काही नव्हतं. ललितानं ती मागून-मागून जमवली. मायाताईच्या क्वार्टरबाहेर जेडची दोन मोठी झाडं होती, त्यांच्या फांद्या आणल्या. खुटबावच्या मावशीकडून पानफुटीची पानं आली, वहीत घालून. म्हाळसाआक्कांच्या बांधावर कोरफडीचं रान होतं, तिथून त्यांनी पाटीभर पिल्लं उपटून दिली. साहेबरावानं कंपनीच्या कॅन्टीनमधून डालड्याचे आणि तेलाचे रिकामे डबे आणले. ललितानं त्यांना गेरूनं रंगवलं आणि वर पांढरी नक्षी काढली. फक्त एक काम तिनं केलं नाही. डब्यांच्या बुडाला भोकं पाडली नाहीत. का, तर पाणी खाली झिरपून सारवलेल्या अंगणात चिखल होईल!

दिवाळी गेली, थंडी आली. पानफुटीच्या एकेका पानाच्या कडेला रांगेनं इवलाली रोपं फुटली. जेड तकतकीत. कोरफडीची पानं वितीएवढी. येणारा माणूस आधी अंगणात थांबायचा आणि मग घरात यायचा. आप्पासुद्धा एकदा काठी टेकत येऊन बघून गेले, जाताना एका डब्याची नक्षी बोटानं चाचपली. ललिताचे त्या दिवशी पाय जमिनीवर नव्हते.

मग शिमगा झाला, ऊन तापलं आणि घरातल्या एका पिंपाची दोन झाली. पिंपं दोन म्हणजे शिळं पाणीही दुप्पट. बिचाऱ्या झाडांना किती गरम होत असेल, असं म्हणत ललिता मला भरायची आणि मी ओतायची. नळाच्या दिवशी दहा वेळा, मधल्या दिवशी दोन वेळा. आणि एक दिवस जेडची पानं पिवळी पडून गळायला लागली. हात लावला की टप्प. पानफुटीचे देठ काचेसारखे झाले, आतलं दिसेल असे. कोरफड बुडाशी मऊ पडून आडवी झाली.

झाड मान टाकतंय म्हणजे तहानलंय, असं आम्हाला वाटलं. दुसरं काय वाटणार? आम्ही आणखी पाणी घातलं. ती आणखी मरायला लागली. मग आणखी घातलं. मित्रांनो, मला आज सांगताना लाज वाटते, पण त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. संकटाच्या वेळी आपण कशा धावून जातो, असं मी मोगऱ्याला सुनावत होते.

जयंती आली. वस्तीत निळे झेंडे, मिरवणूक, लेझीम, सगळीकडे आनंदीआनंद. ललिता मिरवणुकीत होती, पण अंगणात परत आली की तिचा चेहरा उतरायचा. चाळीसातले नऊ डबे रिकामे झाले होते आणि बाकीचेही त्याच वाटेवर होते. उद्घाटनाला सोळा दिवस राहिले होते. म्हाळसाआक्का कुंपणापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, की इतक्या लोकांनी बघितली झाडं, दृष्ट लागली असणार, मिरच्या-मीठ ओवाळून टाक. ललितानं मान हलवली. झाडाला दृष्ट लागत नसते, आक्का, असं ती म्हणाली खरी. पण मग झाडं कशानं मरतायत, हे तिलाही कळेना, आणि तेच तिला जास्त लागलं. तोंड वळवून तिनं डोळे पुसले. तिला झाडांचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख असं, की पहिल्यांदा उठून बोललो आणि तोंडावर पडलो. आता पुढं ह्या वस्तीतली कुठली बाई बैठकीत उठेल?

दोनच दिवसांनी अमावस्या होती. म्हाळसाआक्कांच्या दारावर, चौकटीच्या वर, कोरफडीचं एक झुडूप मुळं वर आणि शेंडा खाली करून टांगलेलं असायचं. घराला दृष्ट लागू नये म्हणून. मागच्या उन्हाळ्यात टांगलेलं ते आता काढून नवं बांधायचं होतं. आक्का पाटावर चढल्या, दोरी सोडली आणि ते कुंपणापलीकडे भिरकावणार, तेवढ्यात ललितानं हाक मारली. मोगऱ्यापाशी मला धरून उभी होती ती. माझ्यातून पाणी तिच्या पायावर सांडत होतं, तिला भान नव्हतं.

"आक्का, थांबा. टाकू नगा."

"अगं, वरीस झालं ह्याला. जुनं झालं."

"ह्याला पाणी कवा घातलंत?"

"दारावर टांगलेल्याला पाणी कोण घालतंय, ललिते?"

ललितानं मला खाली आदळलं. कुंपणावरून हात लांब करून तिनं ती कोरफड घेतली. आणि मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! वर्षभर एक थेंब नाही, माती नाही, उलटं टांगलेलं, आणि तिचा शेंडा वळून पुन्हा आभाळाकडे गेला होता. मधोमध दोन कोवळी हिरवी पानं! बाहेरची पानं सुकून पातळ झाली होती, पण जिवंत. ललितानं एक पान मोडलं. आतला गर तिच्या तळव्यावर ओघळला.

ती तो तळवा बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "हिच्या पोटातच पाणी हाय, आक्का. म्या वरनं कशाला वतत बसले?"

पुढच्याच क्षणी ती अंगणात धावली आणि सगळ्यांत आजारी डबा तिनं जमिनीवर पालथा केला. भदाभदा काळं पाणी बाहेर आलं. तळाशी चार बोटं पाणी साचून राहिलेलं. मुळांचा लगदा झाला होता आणि असा वास सुटला, की म्हाळसाआक्कांनी पदर नाकाला लावला. दुसरा डबा, तसाच. तिसरा, तसाच. ती झाडं तहानेनं मरत नव्हती. बुडून मरत होती. आणि त्यांना बुडवलं कुणी? मी. भरभरून देणाऱ्या मी! माझा सगळा तोरा तिथंच त्या काळ्या पाण्यात गेला.

आक्का मटकन पायरीवर बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी अजून विसरले नाही.

"मेंढराला बी आमी दिसभर पाणी पाजीत बसत न्हवतो. वढ्यावर न्यायचं, पोटभर पिऊ द्यायचं, मग सांजपतुर चालायचं. घोट-घोट पाजलं तर मेंढरू बिघडतं."

"आन् पोट रिकामं झालंय, हे कसं कळायचं?"

"कूस चाचपायची. हात लावल्याबिगर कळत न्हाई."

त्या दिवसापासून आमच्या घरात जी गडबड सुरू झाली, ती काय वर्णावी! चौदा दिवस उरलेले. साहेबराव कामावरून आला की एका हातात मोठा खिळा, दुसऱ्या हातात दगड, आणि ठाक-ठाक डब्यांच्या बुडाला भोकं. अंगणाचा चिखल होईल म्हणून त्यानं आठवण केली, तर ललिता म्हणाली, होऊ दे, परत सारवीन. घोडनदीची वाळू एकानं सायकलवरून आणून दिली. विहाराच्या बांधकामावर पडलेले विटांचे तुकडे कुटून घेतले. झाडं उपटून काळी मुळं कापून टाकली आणि जी काही धड उरली, ती पडवीत पोत्यावर पसरली. उघडीनागडी, चार दिवस, सावलीत, जखमा वाळायला. येणारे-जाणारे हळहळायचे. झाडं मातीबाहेर काढून ठेवलीत, म्हणजे ही आता गेलीच, असं म्हणायचे. ललिताचा स्वतःचाही जीव थाऱ्यावर नसायचा. पण पाचव्या दिवशी तिनं ती वाळू, विटकूर आणि थोड्या मातीत लावली. मग आठ दिवस पाणी घातलंच नाही.

आठ दिवस! मधे दोनदा नळ आला. दोन्ही वेळा शिळ्या पाण्याची कळशी घेऊन ती सवयीनं डब्यांपर्यंत गेली, थबकली आणि वळली. ते पाणी वांग्यांना आणि लिंबाला गेलं. रोज सकाळी ती डब्यात बोट घालायची, पार दुसऱ्या पेरापर्यंत. बोटाला ओली माती लागली की गप्प माघारी. नवव्या दिवशी बोट कोरडं आलं. जेडची पानं जरा सुरकुतली होती, बोटानं दाबली तर मऊ लागत होती. हीच खरी तहान, बरं का. जास्त पाणी झालं की पान पिवळं आणि लिबलिबीत होतं, तहान लागली की नुसतं सुरकुततं. तेव्हा तिनं पहाटे तांब्यानं, पानांवर न शिंपडता, मातीतच पाणी घातलं. बुडाच्या भोकातून धार येईपर्यंत, पोटभर. आणि मग पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी पानं टम्म!

मी मात्र कोपऱ्यात पडून होते. तिनं मला त्या अमावस्येला आदळलं, ते पुन्हा उचललंच नाही. माझ्या पोटात त्या दिवशीचं उरलेलं पाणी तसंच होतं, आणि बुडाला गंज आधीपासून चढलेला. एके सकाळी बुडाला भोक पडलं आणि पाणी निघून गेलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी साहेबरावानं मला उचलून बघितलं, भोकातून पलीकडचं अंगण दिसलं, आणि त्यानं मला भंगाराच्या पोत्यावर ठेवलं. मला राग नाही आला. झालं ते माझ्या कर्मानंच, असं वाटलं. बाहेर सगळी वस्ती आनंदानं धावपळ करत होती आणि मी पोत्यावर आडवी.

बुद्धपौर्णिमा उजाडली. ललितानं डबे मोजले. सव्वीस. डावी बाजू पुरी भरली, उजवीकडे सहाच. दाराजवळचा भाग अगदी भुंडा दिसत होता. पांढरी साडी नेसून ती त्या मोकळ्या जागेकडे बघत उभी होती, आणि तेवढ्यात भरभर पावलं वाजली. म्हाळसाआक्का. हातात तीच दारावरची कोरफड. अमावस्येला त्यांनी ती परत टांगली होती, आणि आज सोडून आणली होती.

"घे. ही लाव दाराशी."

"आन् तुमचं दार, आक्का? आज मोकळं?"

"आजच्या दिवस मोकळं राहू दे. तुझं दार भुंडं दिसायला नगो."

ललितानं ती कोरफड दोन्ही हातांनी घेतली. डबा एकही उरला नव्हता. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि तिची नजर भंगाराच्या पोत्यावर आली. मित्रांनो, तिनं मला उचललं, आभाळाकडे धरलं, भोकातून बघितलं आणि हसली! बुडाला आयतंच भोक! विटकूर, वाळू, माती, आणि वर ती कोरफड, शेंडा वर करून, वर्षात पहिल्यांदा सरळ. आक्कांनी सवयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ललितानं तो बाजूला सारला. आज लावलीय, मुळं सुकू द्या, आठ दिवसांनी बघू. आणि मी, झारी, पोटात पाण्याचा थेंब नसताना, विहाराच्या दारात उभी राहिले.

काय गर्दी लोटली होती! न्हावरं, शिरूर, तळेगाव ढमढेरे, दौंडहून मायाताई. वंदना झाली, खीर वाटली गेली. ऊन असं, की पाण्याच्या पिंपापाशी रांग लागली. आणि इथंच खरी कसोटी आली. आपल्याकडे माणूस पाणी पितो आणि पेल्यात उरलेलं घोटभर पाणी जवळच्या झाडाला ओततो. चांगल्या मनानंच ओततो. शेकडो माणसं, शेकडो पेले आणि दोन रांगा झाडांच्या! एकीनं ओतलं, दुसऱ्यानं ओतलं. ललिता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत होती, हात जोडून सांगत होती. आणि मग सावळारामआप्पा दाराशी आले. पाणी प्यायले. पेल्यात निम्मं उरलं होतं. ते वाकले आणि पेला माझ्यावर तिरका केला.

"आप्पा, थांबा."

सगळे थांबले. आप्पांना थांबा म्हणणारं वस्तीत कुणी नव्हतं. आप्पांनी तसाच वाकून वर बघितलं.

"चाळीस म्हणाली होतीस," ते म्हणाले. "सत्तावीस हायत. म्या मोजलीत."

ललिता मागे सरली नाही. "बाकीची म्या मारली, आप्पा. पाणी घालून-घालून मारली. नळ आला की शिळं पाणी वतत हुते. ही उरलीत ती जगवायचीत. आधी मातीत बोट घाला. बोट कोरडं आलं तरच पाणी. आन् ही तर आजच लावलीय, हिला आठ दिस काईच नगो."

आप्पांनी पेला खाली ठेवला. त्यांनी आपलं बोट माझ्या मातीत घातलं, जरा वेळ तसंच ठेवलं, बाहेर काढून चोळून बघितलं. मग त्यांनी पेला उचलला आणि ते उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.

"ह्या झाडांचं पाणी ललिताकडं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आन् पुढच्या बैठकीला तिला पुढं बसवा."

त्या क्षणी मला बूड फुटल्याचं काहीच दुःख राहिलं नाही. मायाताई मागं उभी राहून रडत होती आणि म्हाळसाआक्का कुणाला तरी सांगत होत्या, की दाराजवळची आमची आहे.

आता नवं शतक लागून सात-आठ वर्षं झाली. माझ्यातल्या कोरफडीला इतकी पिल्लं झाली, की वस्तीत एकही घर तिच्याशिवाय राहिलं नाही. पुढच्या अमावस्येला आक्कांनी नवी कोरफड दारावर टांगली, ती अजून टांगतातच. मात्र आता पायरीवर एक डब्यातही असते, आणि ललिताची आणि त्यांची त्यावरून चेष्टा चालते. नळ रोज यायला लागला, तरी लोक पाणी शिळं म्हणतातच. बैठकीत ललिता पुढं बसते, आणि तिच्या मागं आता सहा-सात बायका बोलतात.

मित्रांनो, तुमच्याही खिडकीत अशी जाड पानांची झाडं असतील. त्यांच्या कुंडीला भोक आहे ना, ते आधी बघा. खाली बशी ठेवली असेल तर त्यात साचलेलं पाणी काढून टाका. पावसाळ्यात त्यांना वळचणीखाली घ्या आणि जवळजवळ विसरून जा. पाणी घालाल तेव्हा पोटभर घाला, पण त्याआधी बोट घाला. माया करायची तर हात लावून करावी, नुसतं ओतत सुटू नये, एवढं मला कळलं, आणि ते कळायला चौदा झाडं गेली.

तुम्ही कधी निमोण्याला आलात तर विहाराच्या दाराशी थांबा. हातात पाण्याचा पेला असेल, माझ्याकडे बघून तुम्हाला दया येईल, पेला तिरका करावासा वाटेल. आयुष्यभर पाणी ओतलेली एक झारी तुम्हाला विनवते आहे, म्हणून तरी ऐका. ते पाणी तुम्हीच प्या. मला आज नको.